उशाशी बोर्ड आहे का?

हंपीला तुंगभद्रेच्या पलीकडे, सानापूरच्या भातखाचरांना लागून असलेल्या एका हॉस्टेलात उतरले होते. आठ जणांची खोली, लोखंडी दुमजली पलंग, माणशी पाचशे रुपये. खिडकीतून हिरवी खाचरं दिसत होती, मागे एकावर एक रचून ठेवल्यासारखे दगड. मी मात्र आत शिरल्या शिरल्या पाहिलं ते उशाशी बोर्ड आहे का. होता, यूएसबीसकट. जीव भांड्यात पडला.

मघाशी रिक्षावाल्याशी पन्नास रुपयांवरून मी चांगली हुज्जत घातली होती. तेव्हा पाठीवरच्या सॅकमध्ये लॅपटॉप, टॅब, गोंगाट गिळणारे हेडफोन आणि २०,०००ची पॉवर बँक होती. (रुपये नव्हेत, एमएएच, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप. विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची बिनधास्त नेता येते, ही ७४ची. आधार नंबर पाठ नाही, हे पाठ आहे.)

आमच्यासारख्यांना म्हणे फ्लॅशपॅकर म्हणतात. राहायचं बॅकपॅकरसारखं स्वस्तात, पण चादर पांढरीशुभ्र हवी आणि वायफाय पळतं हवं. रेल्वेनेही आमची नस बरोबर पकडली आहे. २०२१मध्ये थर्ड एसी इकॉनॉमीचा डबा आला. त्यात ७२च्या जागी ८३ बर्थ कोंबलेत, भाडं थोडं कमी, पण प्रत्येक बर्थला चार्जिंग आणि वाचायला दिवा. पाय आखडले तरी चालतील, फोन उपाशी राहता कामा नये.

हे नवीन आहे असं मला वाटायचं. मग आजीचं सामान आठवलं. काशीला जायचं तर उतरायचं धर्मशाळेतच, पण सोबत खाकी होल्डॉलमध्ये गादी, उशी, दुलई. फिरकीचा तांब्या. वातीचा स्टोव्ह, आणि काडेपेटी सर्दावू नये म्हणून ती पावडरच्या रिकाम्या डब्यात. "परक्या गादीवर डोळ्याला डोळा लागत नाही मेला," म्हणायची. जागा फुकटातली, सुख घरून नेलेलं. फक्त तिच्या सुखाला हमाल लागायचा.

त्या रात्री अकराच्या सुमारास खालच्या पलंगावरचा चिंचवडचा मुलगा पडद्याआडून कुजबुजत ऑफिसचा कॉल घेत होता. आठही पडद्यांमागे निळे-हिरवे ठिपके लुकलुकत होते. आणि लाइट गेले.

पंखे थांबले, बेडकांचा आवाज एकदम मोठा झाला. दोन मिनिटांत डासांनी घेरलं. पडद्यांतून आठ डोकी बाहेर आली, आठ टॉर्च लागले. कुणीतरी कपाटातून डासांची कॉइल शोधून काढली.

"पेटवायला आहे का कुणाकडे काही?" चिंचवडकराने विचारलं.

कुणाकडेच नव्हतं. शेवटी मी अनवाणी खाली गेले. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तिथल्या स्वयंपाकीण अक्का बसल्या होत्या. मला कन्नड येत नाही. काडी ओढल्याची खूण केली. त्यांनी माझ्या हातातल्या झगझगीत टॉर्चकडे एकदा पाहिलं, आणि कमरेची पिशवी सोडली.