दाद, खाज आणि आपल्या बाई

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा मेसेज आला आणि डोळ्यासमोर शाळा नाही, डायरेक्ट बाईच आल्या. मराठीच्या बाई. नाव लिहीत नाही, आपल्या शाळेत 'बाई' म्हटलं की दुसरं कोणी नसायचंच.

1978, आठवी ब. सहामाहीच्या पेपरात 'दाद' शब्दाचा अर्थ विचारला होता. मी ठोकून दिलं, 'एक त्वचारोग'. आता माझी तरी काय चूक, घर ते राजवाडा भिंतीभिंतीवर 'दाद-खाज-खुजली' रंगवलेलं, इंदूरच्या पोराला हिंदी आधी वाचता येतं. बाईंनी ते वर्गात मोठ्यांदा वाचलं. पोरं बाकं बडवायला लागली, मी मान खाली घालून बसलो, पण बाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, हिंदीत बरोबर आहे रे, मराठीत त्याला गजकर्ण म्हणतात.

मग पूर्ण तास त्या एका शब्दावर. दाद फारसी, मूळ अर्थ न्याय. म्हणून कोर्टात दाद 'मागतात'. मैफलीत दाद 'देतात', म्हणजे गाणाऱ्याला त्याचा न्याय देतात. आणि हट्टी खोकला औषधाला दाद 'देत नाही'. शाबासही फारसीच, 'शाद बाश', म्हणजे खुश राहा. गायक अमीर खाँसाहेब 1974 मध्ये गेले, बाईंनी त्यांना ऐकलेलं. म्हणायच्या, सी. के. नायडूंनी सिक्सर मारली की टाळ्या, त्या कोणीही वाजवेल, पण खाँसाहेब एवढ्या संथ झूमरा तालातून अलगद समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आले की आपोआप 'आह' निघतो ना, ती दाद, त्याला कान लागतो.

पेपरात मात्र शून्यच दिलं हं!

बँकेतून रिटायर झालो, आता कार्यक्रमांचं निवेदन करतो, गेल्या महिन्यात पन्नासावा झाला. 'जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या' हे वाक्य मी अजून एकदाही म्हटलेलं नाही, आयोजक चिडतात, चिडू देत. हल्ली तर लोकांच्या हातात मोबाईल, टाळी वाजवणार कशाने? आणि आपल्या हॉलची ती लाकडी फळ्यांची जमीन काढून टाइल्स लावल्यात म्हणे, त्या फळ्यांवर पाय आपटून वन्स मोअर मागायची मजा गेली.

हे लिहून झाल्यावर बाईंना फोनवर वाचून दाखवलं. नव्वदीला आल्यात, ऐकू कमी येतं, दोन-दोनदा वाचावं लागलं. शेवटपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, "गजकर्णातला ण नीट लिहिलायस ना?"