बाबांचं कर्ज आणि आमच्या सह्या

बाबा गेले तेव्हा तीन देणी मागे राहिली: बँकेचं वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि पतसंस्थेचं कर्ज. पहिल्या दोनांचा घरात कुणाला पत्ताच नव्हता; वसुलीचे फोन सुरू झाले तेव्हा कळलं. "वडिलांचं कर्ज मुलांनाच फेडावं लागतं," असं पलीकडचा माणूस ठासून सांगायचा आणि निम्मे नातेवाईक त्याचीच री ओढायचे.

वकीलबाईंनी कागद उघडायच्या आधी विचारलं, "तुम्ही भावंडांनी कुठे सही केली आहे का? सहकर्जदार, जामीनदार?" सगळं इथेच ठरतं. सही नसेल तर आपण नुसते वारस, आणि वारसाची जबाबदारी मयताच्या मालमत्तेतलं जेवढं हाती आलं तेवढ्यापुरतीच. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५० हेच सांगतं. माझा पगार, माझी बचत यांना हात लावता येत नाही. नातेवाईक तरी अगदीच हवेत बोलत नव्हते. हिंदू कायद्यात बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य मानलं जायचं आणि त्या आधारावर कोर्टात वसुलीही व्हायची. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या वारसा कायद्यातल्या दुरुस्तीनं, त्यानंतरच्या कर्जांपुरता तो आधार काढून घेतला. बाबांची सगळी कर्जं अलीकडची होती.

दादाचं मात्र वेगळं होतं. पतसंस्थेच्या कर्जाला तो जामीनदार. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदार कर्जदाराइतकाच बांधील असतो, तिथे मुलगा असण्या-नसण्याचा प्रश्नच येत नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघायची वाट न बघता त्यानं स्वतः जाऊन हप्ते पाडून घेतले.

उरलेल्या दोन ठिकाणी आम्ही मृत्यू दाखला जोडून लेखी अर्ज दिले आणि पोच घेतली. कर्जकराराची प्रत, संपूर्ण खातेउतारा, जामीनदाराचं नाव असल्यास ते आणि कर्जाला विमा आहे का, एवढं मागितलं. विम्याबद्दल बँकेतलं कुणी चकार शब्द बोललं नव्हतं. उतारा हातात आला तर कर्ज दिलं त्याच दिवशी विम्याचा हप्ता कापल्याची नोंद! दाव्याचे कागद भरायला कंटाळा आला, पण वैयक्तिक कर्जाची बाकी विम्यातून मिटली. उतारा मागितलाच नसता तर हे पैसे आम्ही खिशातून भरले असते.

कार्डाचा वसुलीवाला घरी आला. "ताई, फक्त भेटल्याची पोच म्हणून सही करा." कागद वाचला तर खाली 'थकबाकी भरण्याची जबाबदारी मी स्वीकारते' असं लिहिलेलं. सही केली नाही. मग त्यानं आईला मिळणाऱ्या बाबांच्या पीएफवर डोळा ठेवला: "ते पैसे आले की भरा." बाबांच्या पीएफची नॉमिनी आई होती, आणि नॉमिनीला मिळणारी ती रक्कम मयताच्या देण्यांपासून कायद्यानंच मोकळी ठेवली आहे. बँकेतल्या मुदत ठेवीचं तसं नाही. तिथे नॉमिनी म्हणजे नुसता पैसे स्वीकारणारा. वारसांचा आणि सावकारांचा हक्क तसाच राहतो. म्हणून बाबांची ठेव आम्ही वाटून घेतली नाही. वाटून खर्च केली असती तरी कोर्ट तिचा हिशेब मागू शकतं.

फोन रात्रीही यायचे. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेचं बंधन आहे. वेळा लिहून बँकेकडे लेखी तक्रार केली. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं हेही त्यात लिहिलं. फोन थांबले.

शेवटी बाबांच्या मालमत्तेची यादी देऊन कळवलं की मागे एवढंच आहे. ठेवीच्या रकमेत कार्डाची तडजोड झाली. 'बाकी नाही' असं पत्र हातात पडल्यावरच पैसे वळते करू दिले. स्कूटर विकून आलेले पैसे पतसंस्थेत भरले. बाकीचे हप्ते दादा अजून भरतोय.