मिक्सर बंद पडला की आधी उलटा करा

कोल्हापुरात मिक्सर दगा देतो तो रविवारी सकाळी. मटण शिजत असतं, भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, खसखस, आलं-लसूण भांड्यात गच्च भरलेलं असतं, पाण्याचा थेंब नसतो आणि मिक्सर घुरघुरत गप्प होतो. 'मोटार जळली' म्हणून लगेच दुकान गाठू नका. जळली असती तर वास आला असता.

प्लग काढा, भांडं उतरवा, मिक्सर उलटा करा. बुडाला एक छोटं बटण असतं, बहुधा लाल. हे ओव्हरलोडचं. करंट मर्यादेबाहेर गेला की आतली धातूची पट्टी तापून वाकते आणि सर्किट तोडते. पट्टी गार झाल्याशिवाय बटण बसत नाही, त्यामुळे लगेच दाबून उपयोग नाही. १०-१५ मिनिटं थांबून दाबा, टक आवाज येतो. मग रिकामं भांडं लावून एक नंबरवर चालवा. रिकामा असतानाही परत उडाला तर मोटार जाम आहे किंवा वाइंडिंगमध्ये (मोटारीतल्या तारेच्या गुंडाळीत) शॉर्ट आहे. फक्त वाटण घातल्यावर उडत असेल तर दोष वाटणाचा. भांडं अर्धंच भरा, खोबरं आधी कोरडं फिरवून घ्या, मग थोडं थोडं पाणी. वर्षाची चटणी आपण डंकावर कुटून आणतो ती उगाच नाही.

बटण बसलं तरी हूं की चूं नाही? सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावून वीज आहे का बघा. मग मल्टीमीटर, म्हणजे करंट-ओहम मोजायचा मीटर. साधा, स्वस्तातला चालतो. मिक्सरचा प्लग बाहेरच ठेवून स्विच एक नंबरवर करा आणि प्लगच्या दोन बारीक पिनांमध्ये ओहम मोजा. काही आकडा आला तर सर्किट जोडलेलं आहे. काहीच आलं नाही तर दोन आणि तीन नंबरवरही मोजा. एकाच नंबरवर आकडा येत नसेल तर रोटरी स्विचचा संशय घ्या, तिन्हीवर येत नसेल तर वायर, ओव्हरलोड किंवा कार्बन (मोटारीच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे छोटे ठोकळे). वायर बहुधा प्लगपाशी किंवा बॉडीत शिरते तिथे आतून तुटते, कारण आपण ती मिक्सरला गुंडाळून ठेवतो. आता जाड पिन आणि बारीक पिन यांच्यात मोजा. इथे आकडा दिसला तर करंट बॉडीत उतरतोय. तो मिक्सर पुन्हा प्लगला लावायचा नाही.

कार्बन बदलणं घरी जमण्यासारखं आहे. बुडाचे स्क्रू काढा, एखादा रबरी पायाखाली लपलेला असतो. वायरी सोडण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. मोटारीच्या एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचं गोल कम्युटेटर दिसेल, त्याच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंगने दाबलेले कार्बन. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा कमी उरले असतील तर बदला, आणि जोडीनेच बदला. जुना नमुना दुकानात घेऊन जा. नवा कार्बन खाचेत सहज सरकला पाहिजे. अडकत असेल तर बाजूने पॉलिश पेपरवर हलका घासा, नाहीतर तो कम्युटेटरला टेकणार नाही आणि ठिणग्या पडतील. कम्युटेटर काळा पडला असेल तर बारीक पॉलिश पेपरची पट्टी लावून हाताने फिरवा आणि पट्ट्यांमधल्या खाचांतली काजळी टूथपिकने काढा. सगळं बंद करून रिकामा मिक्सर एक नंबरवर मिनिट-दोन मिनिटं चालवा. सुरुवातीला बारीक निळ्या ठिणग्या दिसतील, नवा कार्बन बसेपर्यंत तेवढं चालतं.

मोटार जोरात फिरते पण पातं नुसतं लडबडतं आणि खाली रबराचा भुगा पडतो, तेव्हा कपलर (भांडं ज्यावर बसतं ती मोटारीवरची दातेरी चकती) झिजलेला असतो. हा मिक्सर जितक्या जोशात ओरडतो तितकं काम करत नाही. बऱ्याच मिक्सरांत बुडाकडून शाफ्टच्या (मोटारीच्या दांड्याच्या) टोकाला खाच असते, तिथे स्क्रूड्रायव्हर लावून शाफ्ट धरा आणि मोटार ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने कपलर फिरवा, सुटेल. उलट फिरवाल तर आणखी घट्ट होईल, कारण चालताना वाटणाचा भार त्याला त्याच बाजूला आवळत असतो. भांड्याखालचा कपलरही बघून घ्या. त्याचे दाते गेलेले असतील तर तो नव्यालाही खाईल.

भांड्याखालून काळसर तेलकट पाणी गळत असेल तर बुश (दांडा ज्यात फिरतो ती छोटी नळी) आणि वायसर गेले. पातं धरून आडवं हलवा, खडखड झाली की खात्री. तो काळा मळ वाटणात उतरतो, तेव्हा बुश बदलेपर्यंत ते भांडं वापरू नका. बुश ठोकून बसवावा लागतो, तो दुकानातच बसवून घ्या.

नवे कार्बन घालूनही कम्युटेटरभोवती ठिणग्यांचं कडं फिरत असेल, जळक्या वार्निशचा वास येत असेल, तर आर्मेचर (मोटारीचा फिरणारा भाग) गेलं. मग कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाइंडिंगवाल्याकडे न्या. वायर तांब्याची घालणार की ॲल्युमिनियमची, हे पैसे ठरवण्याआधी विचारा, आणि मोटारीचे बुशही त्याच वेळी बदलून घ्या. झिजलेल्या बुशमुळे शाफ्ट डगमगतो, आर्मेचर फील्डला (भोवतीच्या स्थिर भागाला) घासतं आणि नवं वाइंडिंगही जातं.