तो साहेब तुमचा कोण?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मासुंदा तलावावर फिरायला गेलं तरी, लग्नाच्या मांडवात बसलं तरी, सोसायटीच्या लिफ्टमध्येसुद्धा प्रश्न ठरलेला: "तुम्ही पूर्वजासाठी जुनी मृत्युपत्रं शोधत होता, त्याचं काय झालं? तो साहेब तुमचा नक्की कोण?" आणि त्याला जोडूनच, पासपोर्ट मिळतो का, जागा निघते का.

आधी तेच संपवते. पासपोर्ट मिळत नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजावर ब्रिटन कोणाला नागरिकत्व देत नाही. जागाही निघत नाही. तो साहेब ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. आज जिथे सेंट्रल जेल आहे त्या ठाण्याच्या किल्ल्यावर त्याची नेमणूक होती आणि राहायला भाड्याचा बंगला होता. सातबारावर चढावं असं त्याचं इथे काहीच नव्हतं. आणि "मग तुम्ही पोर्तुगीज की इंग्रज?" याचं उत्तर आता मी देणार नाही. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडचे मूळचे कॅथलिक. इथलेच. घरात मराठी बोलतो. हे लहानपणापासून सिद्ध करत आले आहे, यापुढे करणार नाही.

आता कागदांबद्दल. कंपनीचा नोकर इथे वारला की त्याचे वारस असायचे समुद्रापलीकडे, काही महिन्यांच्या प्रवासावर. त्यामुळे मृत्युपत्र मुंबईच्या कोर्टात जायचं: १७२८पासून मेयर्स कोर्टात, १७९८पासून रेकॉर्डर्स कोर्टात, १८२४पासून सुप्रीम कोर्टात. मृत्युपत्राचे व्यवस्थापक घरात शिरून वस्तू न वस्तू लिहून काढायचे. मग लिलाव, मग देणी, आणि काही उरलं तर ते विलायतेला. या सगळ्याच्या प्रती लंडनला जात. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात त्या आजही आहेत. बऱ्याच मृत्युपत्रांचे स्कॅन पैसे भरून घरबसल्या पाहता येतात. सामानाच्या यादीची प्रत मी वेगळी मागवली.

मृत्युपत्र दीड पानाचं आहे, १८२०च्या दशकातलं. घड्याळ भावाला, उरेल ते बहिणीला, आणि मध्ये एक ओळ: माझ्याजवळ राहणाऱ्या अमुक बाईला दोनशे रुपये, तिच्या मुलाला शंभर. तिचं एकच नाव दिलंय, बाप्तिस्म्याचं. ते मी इथे लिहीत नाही. आमच्या घरात आजही एकीचं तेच नाव आहे. मूल कोणाचं ते त्याने लिहिलेलं नाही. चर्चच्या वहीत त्या सुमाराला त्याच नावाच्या आईचं मूल आहे, बापाची जागा कोरी. आमच्या घराला ज्याच्यापासून आठवतं तो पुरुष कलेक्टर कचेरीत कारकून होता, आणि त्याचं नाव या मुलाचंच. एवढ्यावर मी उभी आहे. हा पुरावा अपुरा आहे असं कोणी म्हणालं तर मी भांडणार नाही.

यादीची प्रत आली तेव्हा मला ती उघडायची भीती वाटली. इथे कायद्याने गुलामगिरीला मान्यता देणं थांबवलं ते १८४३मध्ये. त्याआधीच्या याद्यांत खुर्च्या, घोडे, चांदीचे चमचे यांच्यामध्येच माणसं लिहिलेली सापडतात, किमतीसकट. म्हणून मी बाकी काही न वाचता वस्तूंच्या रकान्यात फक्त तिचं नाव शोधत गेले. शेवटच्या पानापर्यंत. नव्हतं. मग उठून पाणी प्यायले आणि पहिल्यापासून वाचायला बसले.

यादी खोल्यांप्रमाणे आहे. दर्शनी खोलीत टेबल, खुर्च्या, भिंतीवरच्या काचेच्या हंड्या. कोठीत मदेरा वाईनच्या बाटल्या. बाहेर तंबू, आणि खोगिरासकट टट्टू. मग मागची खोली. मसाला वाटायचा दगड. तांब्याची भांडी. एक बाज. पायातले चांदीचे तोडे, एक जोड. कुलपाची एक देशी पेटी, आत बायकी कपडे.

त्या छपराखाली जे होतं ते सगळं त्याचं धरलं गेलं.

लिलावाच्या हिशेबात प्रत्येक वस्तूसमोर घेणाऱ्याचं नाव आहे. टट्टू एका लेफ्टनंटने नेलं. मदेरा एका पारशी व्यापाऱ्याने. तोडे सराफाने, वजनावर. आणि पेटीसमोर तिचं नाव. अडीच रुपये.

विकायच्या मालात मी जिला शोधत होते, ती घेणाऱ्यांच्या रकान्यात होती. स्वतःची पेटी विकत घेत होती.

तिथून मला पुढे सरकता येईना. ती पेटी पडवीत आणून ठेवली असेल. उघडली असेल, आत काय आहे हे बोली लावणाऱ्यांना दाखवायला. तिची लुगडी परक्या माणसांनी वर-खाली केली असतील. कोणी तिच्यावर चढी बोली लावली का? मूल कुठे होतं तेव्हा, तिच्या कडेवर? आणि अडीच रुपये तिने आणले कुठून? दोनशे तर तिच्या हातात आलेच नव्हते. पुढच्या पानावर दिसतं: आधी दफनाचा खर्च, नोकरांचे पगार, मेसची बाकी, वाईनवाल्याचं बिल. मग मृत्युपत्रातल्या रकमा. पैसे अपुरे पडले की अशा रकमा सारख्या प्रमाणात कापल्या जातात. कायदा तसा होता, आजही तसाच आहे. तिला मिळाले एकशे दहा, मुलाला पंचावन्न, आणि तेही बऱ्याच महिन्यांनी. बहिणीला काही उरलं नाही. घड्याळ मात्र भावाला अख्खं पोचलं.

मी सगळ्या बेरजा करून पाहिल्या. एका पैचाही घोळ नाही. कोणी चोरी केलेली दिसली असती तर माझा राग ठेवायला मला जागा मिळाली असती.

हे मी आत्याला वाचून दाखवलं. नव्वदीला टेकली आहे, कान शाबूत आहेत. शेवटपर्यंत ऐकून तिने एकच विचारलं, "लग्नाची नोंद?"

"नाही सापडली."

"आम्हाला म्हातारी माणसं सांगायची, साहेबाची बायको होती. दीडशे-दोनशे वर्षं आम्ही तिला बायको ठेवली. तू एका कागदाने काढून घेतलंस."

मी म्हणाले, काढून घेतलं ते मी नव्हे, व्यवस्थापकांनी. त्यावर ती गप्प झाली. त्यानंतर माझ्याशी बोलते, पण या विषयावर नाही.

शोधायला लागले तेव्हाची मी आत्याला ठामपणे म्हणाले असते की खरं ते सांगायलाच हवं. त्या मुलीशी माझा अजून वाद चालतो. तिला मी विचारते, खरं म्हणजे कोणाचं? कागद त्यांनी लिहिला, त्यांच्या हिशेबासाठी. आत्याजवळ जे होतं ते आमच्या बायकांनी सांभाळलेलं. मग ती मला विचारते, बायको म्हणून सांगितलेल्या गोष्टीत ती पेटी कुठे होती? तिने ती उचलून नेली हे कोणाला ठाऊक होतं? यावर माझ्याकडे उत्तर नाही, तसंच माझ्या प्रश्नावर तिच्याकडे नाही.

प्रेम होतं का, असंही विचारता. असेल. काहीच न ठेवता गेलेलेही होते, याने दोनशे लिहिले, ते तेव्हा थोडे नव्हते. पण घड्याळ कोणाला द्यायचं हे ज्याला सुचलं, त्याला मागच्या खोलीतलं सामान तिचं आहे, एवढं लिहायला सुचलं नाही. हे मी त्याला माफ करू शकलेले नाही. ती पेटी मुळात त्याचीच असेल आणि आठवण म्हणून तिने घेतली असेल, असं एक भाची म्हणते. आतल्या लुगड्यांचं काय, ते तिने सांगितलं नाही.

तर तो साहेब बहुधा माझ्या खापरपणजोबांचा आजा. झालं तुमचं उत्तर. त्या बाईबद्दल तुमच्यापैकी एकानेही मला विचारलेलं नाही, आणि मी इतकी वर्षं शोधतेय ते तिलाच.

१८६५च्या वारसा कायद्यापासून आमच्यासारख्यांच्या मृत्युपत्रांनाही प्रोबेट, म्हणजे कोर्टाची मंजुरी, लागू लागलं, आणि प्रोबेट आलं की मालमत्तेची यादी आली. कचेरीतल्या त्या कारकुनाने मृत्युपत्र केलं असेल, तर त्याच्याही घराची यादी कुठेतरी असेल. त्यासाठी मी अर्ज केला आहे. आत्याला सांगितलेलं नाही. सांगावं की नाही, ते ठरत नाही.