तुम्ही विचारलंत म्हणून: एचबी अठरा म्हणजे भारी का?

साताऱ्यात माझी रक्त तपासायची छोटी लॅब आहे. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की, किंवा इथली डोंगरावरची हाफ मॅरेथॉन जवळ आली की, सकाळी सातलाच मुलं येऊन बाकावर बसतात. बुटांना माती, अंगाला घामाचा वास. संध्याकाळी रिपोर्ट हातात पडला की प्रश्न ठरलेला, आणि तो एचबीचा, म्हणजे लाल पेशींमधल्या ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनचा. "काका, एचबी साडेसतरा आलंय. म्हणजे स्टॅमिना भारी ना?" ज्याचं चौदा आलंय तो हिरमुसून विचारतो, "वाढवायला काय घेऊ?" बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे हे त्याला घरी सांगून झालेलं असतं. माझ्याकडून त्याला गोळीचं नाव हवं असतं.

गोळीऐवजी मी एका फिनिश माणसाची गोष्ट सांगतो. एरो मॅन्तूरान्ता. नाव एकदा ऐकून कुणाच्याच लक्षात राहत नाही, म्हणून मुलांना सांगताना मी नुसतं एरो म्हणतो.

फिनलंडच्या उत्तरेला, स्वीडनच्या हद्दीला लागून पेल्लो नावाचा भाग आहे, आर्क्टिक वृत्ताच्या जरासा वरच. तिथल्या लान्कोयार्वी गावात १९३७ साली हा जन्मला. घरची गरिबी. तिकडे हिवाळ्यात तळं गोठलं की तोच शाळेचा रस्ता, आणि पायात स्की. पुढे नोकरी लागली तीही सीमेवरच्या गस्तीची. म्हणजे तीही बर्फातच. आपल्याकडे स्कीइंग म्हटलं की गुलमर्गच्या उतारावरून घसरत येणारे पर्यटक डोळ्यांपुढे येतात. याचा खेळ तो नव्हे. क्रॉस-कंट्रीत चढही आपल्याच पायांनी आणि हातातल्या काठ्यांनी चढायचा असतो. पंधरा, तीस, पन्नास किलोमीटर. पाय, हात, पाठ, पोट सगळं एकदम राबतं आणि सगळ्यांना एकाच वेळी ऑक्सिजन लागतो. दमाचा याच्याइतका कस लावणारे खेळ फार थोडे.

१९६० साली अमेरिकेत स्क्वॉ व्हॅलीच्या ऑलिंपिकमध्ये त्याला रिलेचं सुवर्ण मिळालं. ती शर्यत गाजली ती मात्र शेवटच्या टप्प्यात धावलेल्या पस्तिशीच्या वेइक्को हाकुलिनेनमुळे. त्याने नॉर्वेच्या गड्याला गाठून एका सेकंदाच्याही आत हरवलं. एरोची खरी पाळी आली १९६४ च्या ऑलिंपिकला, ऑस्ट्रियात इन्सब्रुकजवळच्या सीफेल्डला. पंधरा किलोमीटरमध्ये तो दुसऱ्या आलेल्या नॉर्वेच्या हाराल्ड ग्रॉनिंगेनपेक्षा चाळीस सेकंदांनी पुढे. तीस किलोमीटरमध्ये तर मिनिटाहून जास्त, आणि दुसरा पुन्हा तोच ग्रॉनिंगेन. जिथे पदकं एकेका सेकंदावर ठरतात तिथे चाळीस सेकंद म्हणजे दुसरा येईपर्यंत पहिल्याचा श्वासही जागेवर आलेला असतो.

याचं रक्त इतरांसारखं नाही ही कुजबुज तेव्हाच होती. एचबी वीसच्या पुढे! माझ्या मशीनवर असा आकडा आला तर मी आधी बल्ब, म्हणजे रक्ताची नळी, हलवून बघेन, सॅम्पल पुन्हा लावेन, मग पेशंटला फोन करून फिजिशियनकडे पाठवेन. पुरुषाचं साधारण तेरा ते सतरा असतं. म्हणून लोक म्हणायचे, याने काहीतरी केलंय.

केलेलं काही नव्हतं, ते आईवडिलांकडून आलेलं होतं. आल्बर्ट द ला शापेल या शास्त्रज्ञाच्या गटाने एरोचं अख्खं घराणं तपासलं. शंभराच्या आसपास नातेवाईक, त्यांतल्या तिसेक जणांचं रक्त असंच दाट. १९९३ साली कारण छापून आलं. आपल्या मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक निघतं, ईपीओ म्हणतात ते. ते हाडांच्या मगजातल्या पेशींना जाऊन सांगतं, लाल पेशी बनवा. पेशीच्या अंगावर हा निरोप घेणारा एक ग्राहक असतो. त्याच्या आतल्या शेपटाकडे ब्रेकची सोय असते: झालं तेवढं पुरे, आता थांब. या घराण्यात एका जनुकातलं एकच अक्षर बदललेलं होतं आणि त्यामुळे ते शेपूट सत्तर अमिनो आम्लांनी तोकडं पडलं होतं. निरोप नेहमीइतकाच यायचा, पण काम थांबवायला कुणी नाही. गंमत म्हणजे त्या मंडळींना त्याचा त्रासही विशेष नव्हता.

हे कळलं तेव्हा एरो पंचावन्नचा होता. शर्यती सोडून दोन दशकं झालेली. तो गावाकडे रेनडिअर पाळत होता.

मी बरीच वर्षं गोष्ट इथेच संपवायचो. तात्पर्य म्हणून मुलांना सांगायचो, हे जन्माने मिळतं, बाजारात मिळत नाही, गप्प सराव करा. मुलं "बरं काका" म्हणून जायची. मग दोनेक वर्षांपूर्वी कोरेगावकडचा एक मुलगा, त्याचं सोळाशे मीटर पाच-वीसच्या खाली येत नव्हतं, त्याने पावती घडी घालून खिशात ठेवता ठेवता विचारलं, "मग तो नंतर कधीच हरला नाही का?"

हरला. चारच वर्षांनी, १९६८ ला ग्रेनोबलच्या ऑलिंपिकमध्ये. पंधरा किलोमीटरमध्ये त्याच ग्रॉनिंगेनने त्याला जेमतेम दोन सेकंदांनी मागे टाकलं. तीस किलोमीटरचं सुवर्ण तर फ्रान्को नोनेस नावाच्या इटालियनाने नेलं, आणि एरो तिसरा. रिलेत कांस्य.

"पण रक्त तर तेच होतं," पोरगा म्हणाला.

रक्त तेच होतं. मी काउंटरच्या या बाजूला उभा राहून त्याच्याकडे बघतच राहिलो. इतकी वर्षं लॅबवाला म्हणून मी आकड्याच्या बाजूने गोष्ट सांगत आलो होतो, आणि आकडा तर १९६४ लाही तोच आणि १९६८ लाही तोच. बदललं होतं बाकीचं. वय, समोरचा गडी, त्या दिवशीचा बर्फ. तेव्हाच्या लाकडी स्कीला तळाशी कुठलं मेण लावलं यावरही शर्यत फिरायची. मेण चुकलं की चढावर पाय मागे घसरतो, मग रक्तात कितीही ऑक्सिजन असो. आणि ते तिसेक नातेवाईक? त्या घराण्यात दुसरं कुणी स्कीवर नाव काढलंच नाही असं नाही, पण बहुतेकांचं रक्त तसंच असून ते आपापल्या कामाधंद्यात आयुष्य काढून गेले. तीन सुवर्ण धरून ऑलिंपिकची सात पदकं, शिवाय १९६२ आणि १९६६ ला तीस किलोमीटरची विश्वविजेतेपदं, ही एकाच्याच नावावर लागली.

तेव्हापासून मी गोष्ट पुढेही सांगतो. पुढचा भाग तितकासा गोड नाही. १९७२ ला फिनलंडच्या राष्ट्रीय स्पर्धेत एरोची चाचणी अ‍ॅम्फेटामीनसाठी पॉझिटिव्ह निघाली. उत्तेजक चाचणीत सापडलेला तो पहिला फिनिश खेळाडू. ज्याच्या अंगात जन्मतः असं रक्त, त्यालाही वाटलं की अजून काहीतरी हवं. हे सांगताना मुलं एकमेकांकडे बघतात. भरतीच्या मैदानाबाहेर काय काय विकलं जातं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं.

पुढे ईपीओ कृत्रिमरीत्या तयार होऊ लागलं, किडनीच्या पेशंटसाठी. आमच्याकडे डायलिसिसवाले पेशंट येतात, त्यांच्या फायलीत ते इंजेक्शन असतंच. दमाच्या खेळांत ते चोरून शिरायला वेळ लागला नाही. एरोला जे फुकट मिळालं ते आता बाटलीत मिळत होतं. मग स्कीइंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने हिमोग्लोबिनची मर्यादा घातली. त्या आकड्याच्या वर गेलं की काही दिवस शर्यत बंद, असा तो नियम होता. शिक्षा म्हणून नाही, तब्येतीसाठी. जन्मतःच ज्याचं जास्त आहे त्याने कागदपत्रं देऊन सवलत मागायची. म्हणजे तेव्हा एरो शर्यतीत असता तर फाइल बगलेत मारून सुरुवातीच्या रेषेवर आला असता.

आणि मर्यादा आली की पळवाट आलीच. २००१ ला जागतिक स्पर्धा फिनलंडमध्येच, लाहतीला होती. तिथे यजमानांचेच सहा स्कीपटू पकडले गेले, त्यांत मिका म्यूल्यूला आणि हारी किर्वेसनिएमीसारखी मोठी नावं. सापडलं काय, तर हायड्रॉक्सीएथिल स्टार्च. ते रक्तातलं पाणी वाढवतं, रक्त पातळ दिसतं, एचबीचा आकडा खाली येतो. रक्त वाढवलेलं लपवायला ते सोयीचं, म्हणून त्यावर बंदी होती. या खेळावर जीव टाकणाऱ्या देशात, घरच्या मैदानावर हे घडलं. तिथल्या लोकांना काय वाटलं असेल याचा अंदाज करायचा तर मॅच फिक्सिंगचे ते दिवस आठवा.

हा पातळ-दाट प्रकार मी मुलांना प्रत्यक्ष दाखवतो, कारण त्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे. जांभळ्या टोपणाचा बल्ब मशीनमध्ये गरगर फिरवून आणला की खाली लाल थर बसतो आणि वर पिवळसर पाणी, प्लाझ्मा. एचबी म्हणजे एकूण लाल माल किती हे नव्हे. एवढ्या पाण्यात किती, हे प्रमाण आहे. पाणी कमी झालं की आकडा आपोआप चढतो. पहाटे दहा किलोमीटर पळून, घोटभर पाणी न पिता, घामाने निथळत थेट माझ्याकडे सुई टोचून घेणाऱ्याचं एचबी वाढलेलं नसतं, त्याचं पाणी आटलेलं असतं. उलट महिनोन्‌महिने नीट सराव करणाऱ्याच्या अंगात प्लाझ्मा वाढतो, आणि आकडा थोडा खालीच दिसतो. चौदावाला हिरमुसतो तो बऱ्याचदा विनाकारण.

बरं, दाट रक्त ढकलायला हृदयालाच जोर लावावा लागतो. एरोच्या घराण्याला ते सोसलं. बाहेरून वाढवणाऱ्याला ते सोसेलच असं नाही, गुठळी होते. आणि तुमचं सारखंच साडेसतरा-अठरा येत असेल तर टाळ्या वाजवू नका. विडी-सिगारेट आहे का, झोपेत घोरता का, हे डॉक्टर विचारतील ते खरं सांगा.

कोरेगावच्या त्या मुलाचं पहिल्यांदा सतरा-सहा आलं होतं. मी त्याला म्हटलं, दोन दिवस पळू नकोस, पाणी पी, आणि परवा निवांत ये. परवा आलं सोळा-दोन. तोंड उतरलं त्याचं. दोन्ही रिपोर्ट शेजारी धरून बघत म्हणाला, "काका, भरतीला पहिलाच दाखवला तर चालेल का?"

म्हटलं, अरे, भरतीला एचबी कोण बघतंय, घड्याळ बघतात.