आमची वाटचाल : भरलेल्या कापडापासून भेटीपर्यंत

दुसऱ्यांनी भरतकाम केलेल्या कापडाची भेटवस्तू करून देणं, या आमच्या कामाला गावात अजून नाव नाही. हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावी शिवणकाम म्हणजे ब्लाउज, परकर आणि शाळेचे गणवेश. मीही बारा वर्षं तेच केलं. मग नागपूरच्या एका ताईंनी फुलीच्या टाक्याने भरलेले मॅटीचे, म्हणजे मोजून टाके घालायच्या चौकटीदार कापडाचे, दोन चौकोन आणून दिले. त्यांच्या भरतकामाच्या गटात दर संक्रांतीला चिठ्ठ्या टाकतात. जिचं नाव निघेल तिच्यासाठी स्वतःच्या हाताने काहीतरी करायचं, विकतचं वाण चालत नाही. ताईंचं भरून झालं होतं. पण नुसतं कापड कोणाच्या हातात कसं द्यायचं? त्याचं पिनकुशन, म्हणजे सुया टोचून ठेवायची उशी, व्हायला हवं होतं.

पाच दिवस मी त्या चौकोनांना कात्री लावली नाही. मॅटीवर एका इंचात १४ घरं होती. चार इंची चौकोन पूर्ण भरला की ३,१३६ फुल्या होतात, आणि इथे असे दोन होते. ब्लाउज बिघडला तर नवं कापड आणता येतं. हे कुठून आणणार?

त्यांना बिस्कॉर्नू हवा होता, म्हणजे आठ कोनांचं पिनकुशन. एका चौकोनाचा कोपरा दुसऱ्याच्या बाजूच्या मध्यावर ठेवून जोडत जायचं. आधी दोन्ही चौकोनांच्या कडेने उलटी टीप घालून घ्यायची आणि जोडताना सुई फक्त त्या टिपांखालून न्यायची, कापडातून नाही. एकीकडची एक टीप, दुसरीकडची एक. एखादी सुटली की शेवटी सगळं तिरकं येतं. हीच कड मशीनवर मारून देणारे आहेत, मला ते पटत नाही. मशीनची सुई घर पाहत नाही.

भरायला मी घरचा पिंजलेला कापूस घेतला. कापसाच्या मुलखात दुसरं काय सुचणार? जुलैत ताईंचा फोन आला. पावसाळ्याच्या दमट हवेत कापसाने ओल धरली होती, टोचून ठेवलेल्या सुया गंजल्या होत्या आणि भरलेल्या पाकळीवर तांबूस ठिपका पडला होता. बिस्कॉर्नू मागवून घेतला, एक बाजू उसवली, कापूस काढला. ठिपका मात्र पुरता गेला नाही. तो मी अजून विसरलेले नाही.

तेव्हापासून आम्ही लोकर भरतो. शेतात मेंढरं बसवायला येतात त्यांच्याकडून घेतो आणि थंड पाण्यात हलकी धुतो. मेंढीच्या अंगचं तेल थोडं राहिलं पाहिजे, त्याने सुई गंजत नाही. सोड्याने खसाखसा धुतलेली लोकर पांढरी दिसते, पण आमच्या उपयोगाची नाही.

आता आम्ही सहा जणी आहोत. अडचण अशी, की संक्रांतीचं काम येतं ते नेमकं वेचणीच्या दिवसांत. दिवसभर पऱ्हाटीत वाकून आलेल्या बायकांची बोटं वाळल्या बोंडांच्या टोकांनी खरखरीत झालेली असतात, दोरा अडकतो. पहिल्या वर्षी एकीने स्वतःच सुई खाली ठेवली. "ताई, माह्या हातानं हे खराब होईन वो," म्हणाली. मग कामं वाटून घेतली. वेचणीहून येणाऱ्या अस्तर कापतात, लोकर पिंजतात, भेटीचे डबे बांधतात. जोडणी घरी असणाऱ्या दोघींकडे आणि माझ्याकडे.

धुणं मी कोणाला देत नाही. लाल दोरा असला की थंड पाणी नितळ येईपर्यंत बदलत राहायचं. रंग सुटत असताना इस्त्री फिरली तर तो कापडात बसतो. इस्त्री जाड टॉवेलवर, भरलेली बाजू खाली घालून, म्हणजे टाके चपटे होत नाहीत. वीज गेली तर कोळशाची इस्त्री आहे, पण ती पोरींच्या हाती देत नाही, राख पडते.

संक्रांतीसाठी काम २० डिसेंबरपर्यंतच घेतो. त्यानंतर फोन येतात, लोक जास्त पैसे देऊ करतात. पण थंडीत धुतलेलं कापड आतून कोरडं व्हायला दोन दिवस लागतात, आणि ते दोन दिवस मी कोणालाच कमी करून देत नाही.