नारळ, सुपारी, चिबूड आणि अभंग

चवथीला आठ दिवस होते, दुपारची बँकेत गर्दी, आणि तेवढ्यात भाचीचा व्हॉट्सअपवर मेसेज, "मावशी साहित्याची यादी दे ना, अर्जंट." मी काउंटरवर बसूनच एका हाताने टाइप करून टाकलं, नारळ, सुपारीचा शिपटा, केळ्यांचा घड, चिबूड, तोरिंजन, आंबाडे, घागऱ्या, कांगलां, राहिलेलं म्हापशाच्या बाजारात बघू. पलीकडून नुसते हसणारे चेहरे आले, सतरा तरी असतील. तिला माटोळीचं, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर फळापानांचं छत बांधतो त्याचं, साहित्य नको होतं. अकरावीच्या मराठीचा प्रोजेक्ट होता, 'साहित्यप्रकार आणि मूलभूत संकल्पना', चार्टपेपरवर, आणि सोमवारी द्यायचा होता.

तसं बघितलं तर माझं फार काही चुकलं नव्हतं. आपण रेसिपी लिहितो तेव्हापण आधी साहित्य आणि मग कृती असंच लिहितो ना. मुळात शब्द 'सहित' वरून आलाय, सोबत असणं. जुना संस्कृत काव्यशास्त्रकार भामह म्हणून गेलाय, 'शब्दार्थौ सहितौ काव्यम्', म्हणजे शब्द आणि अर्थ एकत्र नांदतात ते काव्य. आता अर्थ काय, लाईटच्या बिलालापण असतो आणि चांगला खणखणीत असतो, पण ते बिल पाठ करून कुणी गुणगुणत नाही. त्यातले शब्द बदलले तरी चालतात, आकडा तेवढा बरोबर पाहिजे. आणि जिथे शब्द बदलला की सगळंच हातातून निसटतं तिथे साहित्य सुरू होतं असं आपलं माझं मत.

शनिवारी ती आमच्याकडे पेडण्याला आली, चार्ट अर्धा करूनच. गाइडमधून उतरवलेलं झाड. वर साहित्य, त्याखाली गद्य आणि पद्य अशा दोन फांद्या, मग कथा कादंबरी नाटक निबंध चरित्र आत्मचरित्र प्रवासवर्णन एका बाजूला आणि ओवी अभंग श्लोक पोवाडा लावणी भावगीत दुसऱ्या बाजूला, प्रत्येकाला स्केचपेनचा चौकोन, आणि चौकोनात एक ओळीची व्याख्या. अभंगाच्या चौकोनात लिहिलं होतं 'भक्तिपर रचना'. मी म्हटलं अगो भक्तिपर तर आरतीपण असते, मग तिला अभंग का नाही म्हणत? गप्प.

मग सोप्यावर बसून आम्ही बोटं मोजली. सुंदर तें ध्यान, सहा अक्षरं. उभें विटेवरी, सहा. कर कटावरी, सहा. ठेवोनियां, चार. सहा सहा सहा चार, आणि यमक दुसऱ्या तिसऱ्याला, विटेवरी-कटावरी. हा झाला मोठा अभंग. (लहान अभंगात आठ आठ अक्षरांचे दोनच चरण असतात, तो वेगळा.) जोडाक्षर एकच मोजायचं, र्‍हस्व दीर्घ बघायचं नाही, नुसती अक्षरं. तिला आधी खरंच वाटेना, मग तिने फोनवर तुकारामाचे आणखी चारपाच काढले आणि मोजत बसली.

मी मुद्दाम एक खोडी केली. मोठ्याने म्हटलं, "कर कटावरी, ठेवोनिया उभा". आत माझी आई आदोळीवर नारळ खोवत होती, ती तिथूनच ओरडली, "तशें न्हय गो तें!" माझ्या आईची शाळा चौथीपर्यंत. सहा सहा सहा चार हे तिला आयुष्यात कुणी सांगितलेलं नाही, पण शेवटच्या चरणाला दोन अक्षरं जास्त झाली आणि तिच्या कानाला ठेच लागली. मला वाटतं साहित्यप्रकार म्हणतात तो हाच, आधी कानाला कळतो आणि मग केव्हातरी त्याला नाव आहे असं समजतं. आपल्याकडे शाळेत उलटं चालतं, नाव आधी आणि कान कधीच नाही.

ओवीचं आणखी मजेशीर आहे. ज्ञानेश्वरीची पहिलीच ओवी घ्या, ॐ नमो जी आद्या, वेद प्रतिपाद्या, जय जय स्वसंवेद्या, आत्मरूपा. आद्या प्रतिपाद्या स्वसंवेद्या तीन यमकं आणि चौथा चरण आखूड, बिनयमकाचा, जणू एक पायरी उतरून थांबलो. अक्षरांचा कडक हिशोब नाही. ही १२९० ची गोष्ट. आता दुसरी ओवी बघा, जैसी पुस्पांमाजि पुस्प मोगरी, कि परिमळांमाजि कस्तुरी, तैसी भासांमाजि साजिरी, मराठिया. मोगरी कस्तुरी साजिरी आणि मग खाली उतरून मराठिया. तोच साचा. ही लिहिली इंग्लंडातून आलेल्या एका जेझुइट पाद्रीने, फादर थॉमस स्टीफन्स, १५७९ ला गोव्यात आला आणि इथेच राहिला. त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ मधे गोव्यातच राशोलला छापलं, तेपण रोमी म्हणजे रोमन लिपीत, अकरा हजाराच्या आसपास ओव्या. नवीन ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती पण पुराण ऐकायची सवय काही सुटली नव्हती, म्हणून येशूची गोष्ट त्याने ओवीत बसवली. (ती भाषा मराठी की कोकणी हा वाद मी इथे उकरून काढणार नाही, मला गावात राहायचंय.)

भाचीच्या चार्टवर 'आशय आणि अभिव्यक्ती' असा एक चौकोन होता आणि त्यात गाइडमधली अशी व्याख्या होती की ती दोनदा वाचूनसुद्धा मला काही झेपली नाही. मी म्हटलं हे खोड आणि तिथे ख्रिस्तपुराण लिही. सांगायची गोष्ट बेथलेहेमची म्हणजे आशय, सांगायची रीत आपल्या पुराणिकाची म्हणजे अभिव्यक्ती, आणि दोन्ही एकमेकांत असे मिसळलेत की मोगरी येते ती आपल्या अंगणातलीच येते.

वृत्ताबद्दल जास्त लिहीत नाही, ते यमाचा राधिका ताराप प्रकरण अर्ध्या महाराष्ट्राने आणि सगळ्या गोव्याने दहावीच्या परीक्षेनंतर विसरून टाकलंय. एवढंच, की मनाचे श्लोक म्हणताना मान आपोआप डोलते ती भुजंगप्रयात या वृत्तामुळे, म ना सज्, ज ना भक्, ति पं थे, चि जा वे, एक आखूड दोन लांब असं चार वेळा. लहान मुलं अर्थ न कळता म्हणतात आणि एक अक्षर चुकत नाहीत.

आता कथा आणि कादंबरी. चार्टवर होतं, कथा लहान असते, कादंबरी मोठी असते. असं असेल तर मोजपट्टी घेऊनच बसावं. विश्राम बेडेकरांची रणांगण १९३९ ची, एवढीशी चोपडी, बसमधून म्हापसा पणजी करणारा माणूस दोनचार दिवसांत संपवेल, पण तिला कुणी कथा म्हणत नाही, कारण बोटीवरच्या त्या थोड्या दिवसांमधे अख्ख्या युरोपचं काय चाललंय ते येऊन आदळतं. कथा एका वळणावर सगळा जीव लावते. गोव्यातले लक्ष्मणराव सरदेसाई किंवा महादेवशास्त्री जोशी, हे कथाकार म्हणून लोकांच्या लक्षात राहिले. आणि कादंबरी हा शब्द कुठून आला माहितीये? संस्कृत लेखक बाणभट्टाच्या नायिकेचं नाव ते! एका बाईचं नाव पूर्ण साहित्यप्रकाराला लागलं, कन्नडमधेपण हाच शब्द, हिंदीवाले मात्र उपन्यास म्हणतात. मराठीतली पहिली कादंबरी बाबा पदमनजींची यमुनापर्यटन धरतात, १८५७ ची, विधवांच्या हालांवर.

आत्मचरित्रावरून आमचं थोडं वाजलं. ती म्हणते 'मी' असलं की आत्मचरित्र. मी म्हटलं कादंबरीतपण 'मी' असतो, पण तो निवेदक, लेखकाने उभा केलेला, तो खोटं बोलला तरी लेखकावर केस होत नाही. आत्मचरित्रातल्या 'मी'ने शब्द दिलेला असतो की हे माझ्याबाबतीत झालं. ओळी अगदी त्याच असू शकतात, फरक फक्त त्या दिलेल्या शब्दात.

शब्दशक्तीचा भाग मात्र मी आवडीने केला. पुस्तकांमधे हजार वर्षं एकच उदाहरण चालू आहे, 'गंगायां घोषः', गंगेवर गवळ्यांची वस्ती. मी तिला म्हटलं गंगा सोड, आपण मांडवी घेऊ. 'त्याचं घर मांडवीवर आहे.' शब्दाचा सरळ अर्थ घेतला, म्हणजे अभिधा, तर घर पाण्यावर तरंगायला पाहिजे, ते जमत नाही, म्हणून आपण काठावर असा अर्थ घेतो ती लक्षणा. आणि ऐकणाऱ्याच्या मनात जे येतं, वाऱ्याची झुळूक, संध्याकाळचं पाणी, आणि हो, एवढे पैसे कुठून आले रे ह्याच्याकडे, ती व्यंजना. भाची लगेच म्हणाली, "पण मावशी पणजीला कॅसिनो खरंच पाण्यावर आहेत की, तिथे अभिधाच लागू पडते." यावर काय बोलणार. चार्टवर तिने बोटीचं चित्र काढलं.

नाटकाचा चौकोन आला आणि माझी जुनी जखम उघडली. नववीत असताना पेपरात 'तुम्ही पाहिलेले नाटक' असा प्रश्न होता आणि मी गावच्या जत्रेतल्या दशावतारावर तीन पानं लिहिली. पालखी फिरून झाली की मध्यरात्री पेटी मृदंग झांज, आधी आडदशावतार म्हणजे सुरुवातीचा भाग, गणपती, मग तो संकासुर येऊन लोकांना हसवतो, आणि त्यानंतर खरं आख्यान पहाटेपर्यंत. मास्तरांनी लाल पेनाने लिहिलं, 'यास लिखित संहिता नाही, सबब नाटक नव्हे', आणि दहापैकी दोन. दोन मार्क कशाचे दिले ते आजपर्यंत कळलं नाही, शुद्धलेखनाचे असतील. मराठी नाटकाचा इतिहास शिकवताना १८४३ ची सांगली, विष्णुदास भावे, सीतास्वयंवर, मग १८८० चं संगीत शाकुंतल, हे सगळं आदराने सांगतात, आणि रात्रभर हजार माणसं जागवणारा आमचा राजा मात्र चौकोनाबाहेर.

रंगमंचाचे नियमपण कानातलेच असतात हे गोव्यात राहून जास्त कळतं. संगीत नाटकात पात्र स्वतःच गातं, शकुंतला दुःखात असली की शकुंतलाच पद म्हणते. तियात्रात, म्हणजे आमच्या कोकणी नाटकात, दोन पडद्यांच्या मधे कांतारां म्हणजे गाणी येतात आणि त्यांचा गोष्टीशी काही संबंध नसला तरी चालतो, मधेच राजकारण्यांची धुलाई होते, आणि थिएटरातलं कुणी असं म्हणत नाही की हे काय मधेच. १८९२ मधे मुंबईत पहिला तियात्र झाला तेव्हापासून बघणाऱ्याला ते तसंच लागतं. माझ्या पुण्याच्या नणंदेला तियात्र दाखवला तर तिने इंटरव्हलला विचारलं गोष्ट कुठली आणि गाणी कुठल्या नाटकातली!

रसांचे आठ प्रकार नाट्यशास्त्रवाल्या भरतमुनीने सांगितले, शांत नंतर नववा धरला, हे तिला पाठ होतं. पण शोक आणि करुण यातला फरक काय ते येत नव्हतं. मी तिला एवढंच सांगितलं, जत्रेत हरिश्चंद्राचं आख्यान चालू असेल तेव्हा तारामतीकडे बघू नको, शेजारच्या बाईकडे बघ. तारामती मुलासाठी रडते तो शोक. शेजारची बाई पदराने डोळे पुसते आणि दुसऱ्या हाताने खाजें खाते, आणि पुढल्या वर्षी परत तेच बघायला येते, तो करुण रस. खऱ्या मयताला कुणी परत परत हौसेने जात नाही.

चार्ट दिला सोमवारी. अभंगाच्या चौकोनात ६ ६ ६ ४ लिहिलं होतं आणि दशावतार तिने पेन्सिलीने, कुठल्याच फांदीला न जोडता, कडेला लिहिला होता. त्यावर त्यांच्या टीचरनी नुसतं प्रश्नचिन्ह काढून परत दिलं, मार्क बरे पडले.

मग डिसेंबरात जत्रा आली. रात्री साडेतीनला आख्यान संपल्यावर ती मला ओढत देवळामागे घेऊन गेली, तिथे राजा झालेला माणूस दिव्याखाली पाटावर बसून खोबरेल लावून तोंडावरचा रंग काढत होता, मुकुट बाजूला पिशवीवर. तळकोकणातली कंपनी होती. हिने सरळ विचारलं, काका तुमचं ते भांडणाचं एवढं मोठं भाषण कुणी लिहून दिलं? आज कुठलं आख्यान हे त्यांनापण संध्याकाळी चहा पिताना ठरल्यावर कळलं होतं. त्याने एका गालावरचा रंग पुसला, दुसरा गाल अजून गुलाबीच, आणि म्हणाला, "लिवन ठेवलंय तर फुडल्या जत्रेक काय बोलू?"

तिने तिथेच फोन काढला, चार्टचा फोटो उघडला आणि दशावताराच्या पुढे काहीतरी टाइप करायला लागली. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही.